त्रैराशिक आणि हॉपचा कडवटपणा

(चंडीगढ येथे रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



ज्या शहरात आपण आज एकत्र आलो आहोत, त्याच्या रचनेमागे प्रमाणाचा फार बारकाईने केलेला विचार आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशास्त्रज्ञाने 'मोड्युलर' नावाची एक मापपद्धती तयार केली होती. १८३ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य आणि त्याने हात उंचावला असता होणारी २२६ सेंटिमीटर उंची, ही तिची आधारभूत मापे होत. दार लहान असो वा सभागृह मोठे असो, त्यांची मापे एकाच श्रेणीतून निघावीत, अशी त्यामागची कल्पना होती. येथील कॅपिटॉल संकुलाच्या इमारतींत या मापांचा उपयोग केलेला आहे.

परंतु आकृतीचे प्रमाण राखणे निराळे आणि द्रव्याचे वर्तन राखणे निराळे. त्याच संकुलात 'उघडा हात' हे शिल्प आहे. त्याची उंची २६ मीटर असून ते १९८५ साली, म्हणजे कॉर्ब्युझिए याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी उभे राहिले. समजा, या हाताचा २६ सेंटिमीटर उंचीचा नमुना कोणी टेबलावर ठेवला आणि नंतर त्याची प्रत्येक बाजू शंभर पटींनी वाढविली. नमुन्याचा आकार जसाच्या तसा राहील. पण पृष्ठफळ दहा हजार पटींनी वाढेल आणि वजन दहा लाख पटींनी. टेबलावर सहज तोल सांभाळणारा हात त्या उंचीवर स्वतःच्या भाराने वाकू लागेल. अभियंत्याला त्याच्या सांध्यांचा, आधाराचा आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशेब अगदी प्रारंभापासून करावा लागतो. गॅलिलिओने १६३८ साली प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात हेच दाखवून दिले होते. पुढे १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी प्राण्यांच्या योग्य आकारमानावरील आपल्या निबंधात हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविला. याच हाल्डेन यांनी १९५७ साली भारतात येऊन आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे येथे व्यतीत केली.

आज मी याच तत्त्वाचे एक लहानसे, घरगुती वाटणारे उदाहरण आपल्यापुढे मांडणार आहे. वीस लिटर बिअरची एक चांगली पाककृती हाती असताना हजार लिटर बिअर करावयाची झाल्यास तीत हॉप किती घालावे, हा तो प्रश्न. शाळेत शिकविलेले त्रैराशिक सांगते की, पन्नास पट. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकते हे समजून घेतले तर रासायनिक अभियांत्रिकीचा एक मोठा धडा आपल्या पदरी पडेल.

हे उदाहरण मी मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी घेतलेले नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने या बाबतीत राज्यसंस्थेपुढे एक निश्चित दिशा ठेवलेली आहे. चंडीगढला पंजाब अबकारी कायदा, १९१४ लागू आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा संमत झाला. तेव्हापासून त्या देशांत स्वयंपाकघरात बिअर करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला आणि त्यांच्या पाककृती पुस्तकरूपाने सर्वत्र पसरल्या. आपल्याकडे या पाककृती पोहोचतात त्या परवानाधारक लघुउद्योगांत. चंडीगढ, पंचकुला आणि मोहाली या परिसरात असे उद्योग आहेत. त्यांच्या टाक्या साधारणतः पाचशे ते हजार लिटरांच्या असतात. तेथे काम करणारा तरुण तंत्रज्ञ आधी लहान पात्रात प्रयोग करतो आणि मग तोच प्रयोग टाकीत करू पाहतो. आपल्यापैकी काही जण उद्या अशा ठिकाणी असतील. काही जण औषधांच्या, रंगांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत असतील. अडचण सर्वत्र एकच राहील.

प्रथम सामग्रीचा परिचय करून घेऊ. बिअरला लागणारी साखर जवापासून मिळते. जव भिजवून, मोड आणून, वाळवला म्हणजे त्याला माल्ट म्हणतात. माल्ट गरम पाण्यात ठेवला असता त्यातील पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी आटवून केलेला मधासारखा दाट पदार्थ म्हणजे माल्टचा अर्क. माल्टची चव आपणांस अपरिचित नाही. पंजाबातील नाभा येथे १९६०च्या सुमारास हॉर्लिक्सचा कारखाना सुरू झाला, त्या पेयाची चव मुख्यतः माल्टचीच. घरगुती बिअर करणारा नवशिक्या बहुधा हा तयार अर्क विकत घेतो, पाण्यात विरघळवितो आणि उकळतो. या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. उकळत्या वर्टमध्ये हॉप घालतात. नंतर वर्ट थंड करून त्यात यीस्ट मिसळतात आणि किण्वन होऊ देतात.

हॉप ही एक वेल आहे. शिमल्याच्या रस्त्यावर आणि या शहराच्या मोकळ्या जागांतही रानटी वाढणारी भांग आपण पाहिली असेल. हॉप तिच्याच कुळातील. हिमाचल प्रदेशात लाहौलच्या खोऱ्यात हॉपची लागवड झालेली आहे, तथापि आपल्या देशात वापरले जाणारे बहुतेक हॉप परदेशातूनच येते. या वेलीच्या मादी फुलोऱ्यात पिवळ्या रंगाची बारीक राळ असते व तीत आल्फा अम्ले नावाची द्रव्ये असतात. ही अम्ले मूळ स्वरूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि विशेष कडूही लागत नाहीत. उकळताना मात्र त्यांच्या रेणूंतील अणूंची मांडणी बदलते. त्यांचे समघटकीकरण होते. या नव्या रूपात ती विरघळतात आणि कडू लागतात. हा कडवटपणा माल्टच्या गोडीला तोल देतो. शिवाय काही उपद्रवी जीवाणूंची वाढही रोखतो. हॉपमध्ये सुगंधी तेलेही असतात, पण ती उकळताना वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी घालावयाचे हॉप उकळण्याच्या आरंभी आणि सुगंधासाठी घालावयाचे हॉप अगदी शेवटी, आच बंद करताना, घालण्याची पद्धत आहे.

आता मुख्य भेद ध्यानात घ्या. वीस लिटर बिअरला सुमारे सव्वातीन किलो दाट माल्टचा अर्क लागत असेल तर हजार लिटरांना सुमारे एकशे पासष्ट किलो लागेल. येथे त्रैराशिक बिनचूक चालते, कारण अर्क पूर्णपणे विरघळतो. पात्र लहान असो वा मोठे, घातलेली साखर तेवढीच मिळते. हॉपचे तसे नाही. घातलेल्या आल्फा अम्लांपैकी थोडाच भाग शेवटी बिअरमध्ये उतरतो. उसाच्या वजनाशी मिळालेल्या साखरेचे जे प्रमाण त्याला साखर कारखान्यांत उतारा म्हणतात. तोच शब्द आपण येथे वापरू. हॉपचा उतारा सामान्यतः एक चतुर्थांशाच्याही आत असतो, आणि तो काळ, तापमान, वर्टचा दाटपणा व पात्राची घडण यांवर अवलंबून असतो. पात्र बदलले की या चारही गोष्टी बदलतात. याचा अर्थ असा की, वजन पन्नास पट केल्याने कडवटपणा तोच राहील, ही अपेक्षाच निराधार आहे.

चहाचे उदाहरण घ्या. दोघांच्या चहाला दोन चमचे पूड लागते म्हणून चाळीस जणांच्या चहाला कोणी चाळीस चमचे पूड घालत नाही. मोठे पातेले उशिरा उकळते, उतरविल्यावर उशिरा निवते, आणि तेवढा वेळ पूड आपला अर्क सोडतच राहते. जाणत्या माणसाचा हात येथे आपोआप आखडतो. हॉपच्या बाबतीत हाच अनुभव आकड्यांनी तपासून पाहता येतो.

आपण एक काल्पनिक पाककृती घेऊ. बिअर वीस लिटर. तिचे किण्वनापूर्वीचे विशिष्ट गुरुत्व १.०५०. आरंभी ४० ग्रॅम हॉप घालून तासभर उकळावयाचे आणि आच बंद करताना आणखी २० ग्रॅम घालावयाचे. हॉपमध्ये आल्फा अम्लांचे प्रमाण शेकडा ६. घरातील शेगडीवर वीस लिटर एकदम उकळणे कठीण, म्हणून पाककृती लिहिणारा सगळा अर्क दहा लिटर पाण्यात उकळतो आणि नंतर थंड पाणी घालून वीस लिटर करतो. अर्काच्या पाककृतींत ही सोय सर्रास केलेली असते. पण तिचा परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. उकळताना त्याच्या वर्टचे विशिष्ट गुरुत्व १.१०० असते, आणि इतक्या दाट वर्टमध्ये हॉपचा उतारा घटतो. अम्लांचा बराच भाग साक्याबरोबर तळाशी बसून वाया जातो.

किती घटतो, याचा अंदाज करण्यासाठी अमेरिकेतील ग्लेन टिन्सेथ यांनी १९९०च्या दशकात मांडलेले एक सूत्र पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. त्या सूत्राप्रमाणे तासभर उकळल्यास १.०५० गुरुत्वाच्या वर्टमध्ये उतारा शेकडा सुमारे २३ येतो आणि १.१०० गुरुत्वाच्या वर्टमध्ये शेकडा सुमारे १५. आता हिशेब करा. चाळीस ग्रॅम हॉपमध्ये २,४०० मिलिग्रॅम आल्फा अम्ले. वीस लिटरांवर विभागली असता दर लिटरला १२०. दाट उकळीत त्यांपैकी सुमारे १८ मिलिग्रॅम बिअरमध्ये उतरतात. एका लिटरमधील एक मिलिग्रॅम म्हणजे ढोबळमानाने कडवटपणाचे एक एकक. म्हणजे या बिअरचा कडवटपणा १८ एकके झाला. आच बंद करताना घातलेल्या हॉपपासून लहान पात्रात एखाद-दुसरे एकक मिळते. ते पात्र पाण्यात ठेवून पंधरा-वीस मिनिटांत थंड करता येत असल्याने तो भाग आपण सोडून देऊ.

आता हीच पाककृती हजार लिटरांच्या टाकीत आणा. त्रैराशिकाने आरंभीचे हॉप दोन किलो आणि शेवटचे एक किलो झाले. पण टाकीत सर्व हजार लिटर एकदमच उकळतात. मागाहून पाणी घालण्याचे कारण उरत नाही. वर्ट १.०५०चा, उतारा २३. तेव्हा दर लिटरमागे १२० मिलिग्रॅम अम्लांतून १८ ऐवजी सुमारे २८ एकके मिळतात. हॉपचे दर लिटरमागील वजन एका ग्रॅमनेही न बदलता कडवटपणा दीडपटीहून अधिक झाला. केवळ हा एक फरक भरून काढावयाचा तर आरंभीचे हॉप दोन किलोंऐवजी सुमारे एक किलो पावणेतीनशे ग्रॅमच घातले पाहिजे.

दुसरा फरक याहून अधिक फसवा आहे. पाककृतीत 'शून्य मिनिटे' असे लिहिलेले शेवटचे हॉप खरोखर शून्य मिनिटे गरम राहते काय? मोठ्या टाकीत आच बंद केल्यावर वर्ट गोल फिरवून साका मध्यभागी बसू देतात. त्यात वीस मिनिटे जातात. नंतर तो शीतकातून हळूहळू पुढे सोडतात. त्यास चाळीस मिनिटे धरा. पहिला थेंब लवकर थंड होतो, पण शेवटचा थेंब तासभर गरम टाकीतच राहिलेला असतो. सरासरीने पाहता सर्व वर्ट सुमारे चाळीस मिनिटे नव्वद अंश सेल्सिअसच्या वर राहतो. समघटकीकरणाचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. शंभर अंशांवरील वेगाच्या तुलनेत नव्वद अंशांवर तो निम्म्याहून काहीसा कमी आणि ऐंशी अंशांवर साधारण एक षष्ठांश असतो. या हिशेबाने ती चाळीस मिनिटे सुमारे वीस मिनिटांच्या उकळीइतकी ठरतात, आणि सुगंधासाठी म्हणून घातलेल्या एक किलो हॉपपासून दर लिटरला आठ एककांच्या आसपास कडवटपणा उतरतो. शिवाय ज्या सुगंधासाठी ते घातले तो सुगंध दरम्यान वाफेबरोबर निघून जातो.

अठ्ठावीस आणि आठ मिळून छत्तीस झाले. मूळची अठरा एककांची सौम्य बिअर त्रैराशिक तंतोतंत पाळूनही दुप्पट कडू निघाली.

तिसरा फरक बाष्पीभवनाचा. गूळ करणाऱ्याची काहील रुंद आणि उथळ का असते, हे आपण जाणता. पाणी पृष्ठभागावरून उडते म्हणून. वीस लिटरांच्या पात्राचे आकारमान पन्नास पट केले आणि आकृती तीच ठेवली तर पृष्ठभाग जेमतेम साडेतेरा पट होतो. दर लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. शेगडीवरील उघड्या पात्रात तासाभरात शेकडा दहा-बारा पाणी उडत असेल, तर टाकीत त्याच्या निम्मेच उडेल. लहान पात्रातील घट गृहीत धरून टाकीत पाणी भरले, तर वर्ट अपेक्षेहून पातळ राहील आणि गोडी व कडवटपणा यांचा तोल दुसऱ्या बाजूने बिघडेल. म्हणून पाण्याचा हिशेब टाकीच्या स्वतःच्या घटीवरून केला पाहिजे. ती घट एकदा निव्वळ पाणी उकळून मोजून ठेवता येते.

चौथी गोष्ट स्थानाची आहे आणि ती आपल्या प्रदेशात विशेष महत्त्वाची आहे. चंडीगढ समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर आहे व येथे पाणी सुमारे नव्व्याण्णव अंशांवर उकळते. येथून दिसणाऱ्या डोंगरांत सुमारे १,९०० मीटर उंचीवर कसौली आहे. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर याने तेथे मद्यनिर्मितीचा उद्योग उभारला. पुढे बिअरचे काम सोलनला गेले. कसौलीत पाणी सुमारे चौऱ्याण्णव अंशांवर उकळते. पाचच अंशांचा हा फरक. पण त्यामुळे समघटकीकरणाचा वेग चंडीगढच्या साधारण दोन तृतीयांशच राहतो. म्हणजे येथील पाककृती डोंगरावर नेली तर, टाकी तीच असूनही, हॉप वाढवावे लागेल अथवा अधिक वेळ उकळावे लागेल. पाककृतीच्या पुस्तकात उंचीचा रकाना नसतो, परंतु उतारा ठरविताना उंची वगळून चालत नाही.

मग तंत्रज्ञाने करावे काय? पहिली गोष्ट ही की, त्याने हॉपचे वजन स्थिर ठेवण्याचा आग्रह सोडावा आणि कडवटपणाची एकके स्थिर ठेवावीत. लहान पात्रातील बिअरमध्ये किती एकके उतरली ते आधी काढावे, टाकीतील उतारा किती येईल याचा अंदाज करावा, आणि त्यावरून मागे येत हॉपचे वजन ठरवावे. आपल्या उदाहरणात शेवटच्या हॉपची आठ एकके अटळ मानली तर आरंभीच्या हॉपकडून फक्त दहा एकके हवीत. त्यासाठी दोन किलोंऐवजी सुमारे सातशे ग्रॅम पुरेत. दुसरा मार्ग असा की, आच बंद झाल्यावर वर्ट आधी ऐंशी अंशांपर्यंत निववावा आणि मगच शेवटचे हॉप घालावे. त्या तापमानाला त्याच्यापासून तीन-साडेतीन एककांहून अधिक कडवटपणा येणार नाही आणि सुगंधही पुष्कळ टिकेल. तेव्हा आरंभीचे हॉप सुमारे एक किलो लागेल. यांपैकी कोणता मार्ग स्वीकारावयाचा हे हवी असलेली चव आणि उपलब्ध शीतक यांवरून ठरवावे.

दुसरी गोष्ट, हॉपचे वजन आणि त्यातील आल्फा अम्लांचे वजन यांत गल्लत करू नये. शेकडा ६ अम्लांच्या हॉपवरून बेतलेली पाककृती शेकडा ९ अम्लांच्या हॉपने करावयाची झाल्यास दोन तृतीयांश वजन पुरते. हे प्रमाण जातीप्रमाणे आणि दर वर्षीच्या पिकाप्रमाणे बदलते, आणि साठवणीत घटत जाते. आपल्याकडील जून महिन्याच्या उन्हाळ्यात उघड्या पोत्यात ठेवलेले हॉप काही आठवड्यांत आपले सत्त्व गमावते. म्हणून ते हवाबंद करून शीतगृहात ठेवावे आणि वेष्टनावरील आकडा तारखेसह वाचावा. वीस लिटरांच्या प्रयोगात या चुकीचा फटका वीस लिटरांनाच बसतो. हजार लिटरांत तीच चूक सबंध टाकीची होते.

तिसरी गोष्ट, पहिल्या मोठ्या प्रयोगात कमी कडवटपणाकडे झुकावे. कडवटपणा कमी पडल्यास तो वाढविण्याचे उपाय आहेत. आधीच समघटकीकरण केलेला हॉपचा अर्क किण्वनानंतरही मिसळता येतो. अधिक झालेला कडवटपणा काढून टाकण्याचा मात्र सोपा उपाय नाही. फार तर तशीच पण सौम्य अशी दुसरी टाकी करून दोन्हींचे मिश्रण करता येते, म्हणजे एका चुकीसाठी दुप्पट माल गुंतवावा लागतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मापनाची. मी आपल्यापुढे मांडलेले आकडे सूत्रांवरून काढलेले अंदाज आहेत. टिन्सेथ यांचे सूत्र मूलतः लहान पात्रांच्या अनुभवावर बेतलेले आहे. प्रत्येक टाकीचा उतारा तिच्या उकळीच्या जोरावर, साक्याच्या प्रमाणावर आणि गाळणीवर थोडाबहुत निराळा असतो. त्यामुळे अंतिम निर्णय प्रयोगशाळेने द्यावयाचा असतो. बिअरचा नमुना आम्लयुक्त करून आयसो-ऑक्टेनमध्ये त्यातील कडू द्रव्य ओढून घ्यावयाचे, २७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे त्यात किती शोषण होते ते मोजावयाचे आणि त्या आकड्याला पन्नासने गुणावयाचे. कडवटपणाची एकके मिळतात. हा प्रयोग रसायनशास्त्राची पदवी घेणारा कोणताही विद्यार्थी करू शकेल. एका टाकीवरून तो आकडा पक्का मानू नये. तीन-चार टाक्यांचे आकडे पाहावेत. थोड्या नमुन्यांवरून किती विश्वासाने निष्कर्ष काढता येतो, या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्राला मद्यनिर्मितीच्या उद्योगातूनच मिळालेले आहे. डब्लिन येथील गिनेस कंपनीतील विल्यम गॉसेट याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील कसोटी आपण आजही वर्गात शिकता. जव आणि हॉप यांच्या मोजक्या नमुन्यांवरून निर्णय घेण्याची गरज हेच तिचे उगमस्थान होते.

कोणी विचारील की, कडवटपणा अठरा एककांऐवजी छत्तीस झाला तर एवढे काय बिघडले? हजार लिटर बिअर फेकून द्यावी लागली तर तिच्याबरोबर जवाच्या एका लहानशा शेताचे पीक जाते, तिच्या कित्येक पट पाणी जाते, इंधन जाते. ती सरळ गटारात सोडताही येत नाही, कारण तिच्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. शुद्धीकरणाचा भार निराळा. पण मला याहून मोठे वाटणारे नुकसान दुसरे आहे. अशा प्रसंगी चांगल्या पाककृतीलाच दोष दिला जातो. प्रयोगशाळेत यशस्वी झालेली प्रक्रिया कारखान्यात फसली की, 'हे सारे कागदावरचे ज्ञान आहे' असे म्हणून ती बाजूला सारली जाते आणि परदेशातील तयार यंत्रसामग्री व तयार कृती विकत घेण्याचा मार्ग पत्करला जातो. प्रत्यक्षात प्रक्रिया निर्दोष असते. फक्त तिचे भाषांतर मोठ्या पात्राच्या भाषेत झालेले नसते. ते भाषांतर करणे हेच रासायनिक अभियंत्याचे काम आहे. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या मध्ये पथदर्शी संयंत्र नावाची जी पायरी असते ती त्याच्यासाठीच होय. खर्च वाचविण्यासाठी ती गाळण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तो बहुधा महागात पडतो.

म्हणून कोणतीही कृती मोठ्या प्रमाणावर नेताना आपल्या सामग्रीची दोन याद्यांत विभागणी करा. जे पदार्थ पूर्ण विरघळतात आणि ज्यांचा परिणाम केवळ त्यांच्या वजनावर अवलंबून असतो, ते एका यादीत. त्यांना त्रैराशिक लावा. ज्यांचा परिणाम वेळ, उष्णता आणि पृष्ठभाग यांवर अवलंबून आहे, ते दुसऱ्या यादीत. त्यांच्यापुढे वजनाऐवजी हवा असलेला परिणाम लिहा आणि वजन मागाहून शोधा. हॉप दुसऱ्या यादीतील आहे. औषधी वनस्पतींचा काढा, लोणच्यातील मसाला, कापडाचा रंग, प्रतिजैविकाच्या टाकीतील हवा यांपैकी पुष्कळ गोष्टी त्याच यादीत सापडतील. आपण पुढे ज्या उद्योगात जाल त्या उद्योगातील ही दुसरी यादी पहिल्या महिन्यातच तयार करा, आणि प्रत्येक नव्या टाकीबरोबर तिच्यातील आकडे दुरुस्त करीत राहा.